पाया पडताना दिसलेला अंगठा

गुरुवार, नोव्हेंबर २००३

एव्हरशाईन सोसायटीतली मुलाकडची मंडळी आज मला बघून गेली. मी मधुमेहवाल्यांच्या पायांवर उपचार करते म्हटल्यावर मुलाची आई म्हणाली, "म्हणजे लोकांचे पाय धुतेस? एवढं शिकून?" आमची आई लगेच, "हाडांची डॉक्टर आहे हो ती!" साफ खोटं. का लाजते ही माझ्या कामाला?

निघताना मुलाच्या आईच्या पाया पडले. अंगठ्याच्या कडेला जखम, काळी पडलेली. चहाही बिनसाखरेचा घेतला होता त्यांनी. "हे दुखत नाही?" मी विचारलं. "छे, मुळीच नाही," त्या हसल्या. मधुमेहात जखम न दुखणं हेच वाईट, पाय बधिर झाल्याची खूण, हे सांगायच्या आत आईने मला आत ओढलं. "बघायला आलेल्या माणसांची दुखणी काढत बसतात का?"

नकार खुशाल कळवू देत. पण तो अंगठा कोण बघणार?