मनोऱ्यावरच्या माणसाचं कांबळं

गुंद, ता. जोयडा
१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

चि. नागेश यास,

वहिनीचे आशीर्वाद, अर्धे रेश्माला दे. आम्ही इथं बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

पत्र बघून दचकू नकोस. तुझी आई, म्हणजे माझ्या आत्ती, ठीक आहेत. फोनच करणार होते, पण रेंजसाठी देवळामागचा चढ चढावा लागतो आणि आत्तींना तेवढा वेळ एकटं ठेवता येत नाही. ठेवलं तरी मी वर पोचून धापा टाकत असते आणि तू म्हणतोस, "वहिनी, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो." पत्राला मीटिंग नसते. शेजारची भाग्यलक्ष्मी उद्या बाजाराला जोयड्याला चाललीय, ती पेटीत टाकेल.

भात पिवळं व्हायला लागलंय. शिवानंदनं त्याच्या शेताला विजेची तार लावून घेतली, तेव्हापासून त्याच्याकडची रानडुकरं आपल्याकडे मुक्कामाला आहेत. आपलं शेत भाग्यलक्ष्मीचा नवरा गुणा करतो, राखणही तोच करतो. शेतातला राखणीचा माळा अजून उभा आहे. एक पाय वाळवीनं खाल्ला होता, तो बदलला.

तुझी चाकाची खुर्ची मिळाली. चांगली आहे. आपल्या अंगणातल्या दगडांवर ती चालत नाही एवढंच. सध्या तिच्यावर मी कपडे वाळत घालते.

आता पत्राचं कारण. मला मनोऱ्यावरच्या माणसाचा उलगडा झालाय.

हसू नकोस. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू सातवीत होतास आणि 'नवव्या घाटापलीकडे'चा पहिला खंड शाळेतून आणला होतास. भर दुपारी माळ्यावर पाखरं हाकायला म्हणून बसायचो आणि आळीपाळीनं मोठ्यानं वाचायचो. पाखरं मजेत खायची. राजपुत्र, चेटकीण, बोलणारा गरुड, सगळ्यांचा शेवट लेखकानं लावला. फक्त घाटाच्या तोंडावर लाकडी मनोऱ्यात बसलेला तो म्हातारा तसाच राहिला. कुणी वर गेलं की एकच प्रश्न विचारणार, "कांबळं आणलंस का?" राजपुत्र रत्नं घेऊन गेला, चेटकीण औषध घेऊन गेली. दोघांकडेही कांबळं नव्हतं. म्हातारा तोंड फिरवून पुन्हा दरीकडे बघत बसला. पाचवा खंड संपला, पुढं लेखकही गेले, आणि तो कोण हे कुणालाच कळलं नाही.

त्या म्हाताऱ्यावरचा तुझा व्हिडिओ मी पाहिला. आत्तींना दांडेलीला दवाखान्यात नेलं होतं, नंबर येईपर्यंत बाकावर बसून पाहिला. छान बोलतोस. तो हरवलेला राजा आहे आणि कांबळं म्हणजे त्याची आठवण, ही तुझी मांडणी ऐकायला गोड आहे. खाली लोकांनी काय काय लिहिलंय. कुणी म्हणतं तो मृत्यू, कांबळं म्हणजे कफन. कुणी म्हणतं तो स्वतः लेखकच. तुझ्या दादाचं मत तुला आठवतं का? त्यानं एक पान वाचलं नव्हतं. तू जेवताना तावातावानं समजावून सांगत होतास आणि तो म्हणाला, "थंडी वाजत असंल रं त्याला." तू रुसून ताटावरून उठलास. तो गेल्याला तीन वर्षं होतील, पण ते वाक्य आठवलं की मला अजून हसू येतं.

मध्येच एक सांगते. आपल्या रक्षिताचे दिवस भरत आलेत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण पावसानं आपला रस्ता कसा होतो आणि दवाखाना किती लांब आहे ते तुला माहीत आहे. म्हणून ती बेळगावातच राहणार आहे. तिच्या अंगात रक्त कमी आहे म्हणतात, पायाला सूज आहे. सासू नाही तिला. फोनवर म्हणाली, "आई, तू येऊ नको, जमंल मला." जिला खरंच जमणार असतं ती लेक असं सांगत नाही. असो. त्याचं पुढं बघू.

तर गेल्या महिन्यात एका दुपारी काय झालं. आत्ती पडवीत बसल्या होत्या. आता त्या मला कधी देवकी म्हणतात, कधी मावशी म्हणतात, कधी कोण तू म्हणून विचारतात. मी भाजी चिरत होते. भाग्यलक्ष्मी सहज आली. आत्तींनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या,

"कांबळं आणलंस काय गं?"

"न्हाई आज्जी. अशीच आले, बसाया."

आत्तींनी तोंड फिरवलं आणि अंगणापलीकडे शेताकडे बघत बसल्या.

विळीवरचा माझा हात थांबला. तू शहरात राहून विसरला असशील म्हणून सांगते. आपल्याकडे राखणीला बदली करायला जो येतो तो स्वतःचं कांबळं खांद्यावर टाकून येतो. वर बसलेला माणूस कोण आलंय ते विचारत नाही, कांबळं आणलंस का ते विचारतो. आणलं असेल तर एक शब्द न बोलता खाली उतरतो आणि घरी जाऊन झोपतो. नसेल आणलं तर आलेला माणूस नुसता गप्पा मारायला आलाय. बसेल, शेंगा खाईल, जाईल. त्याच्या भरवशावर माळा सोडायचा नाही. तुझे वडील गेल्यावर आत्ती स्वतः चार हंगाम राखणीला बसल्या, हे तूच मला सांगितलं होतंस.

माळ्यावर बसूनच आपण ती कादंबरी वाचली आणि दोघांच्याही डोक्यात आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तो राजाबिजा कुणी नाही रे. राखणीवर बसलेला साधा माणूस आहे. बदली यायची होती, आली नाही. येणारे सगळे भारी भारी वस्तू घेऊन आले, पण बसायच्या तयारीनं कुणी आलं नाही. लेखक आपल्या बाजूला कधी फिरकले होते की नाही कोण जाणे. दवाखान्याच्या पुढच्या फेरीत मी हे कादंबरीच्या चाहत्यांच्या तुमच्या त्या ग्रुपवर लिहिलंसुद्धा. एकानं अंगठा दाखवला. दुसरीनं लिहिलं, "सो क्यूट." तू बहुतेक मीटिंगमध्ये असशील.

भाग्यलक्ष्मी गेल्यावर आत्तींनी मलाही विचारलं. तोच प्रश्न. मी उठले, दोरीवरचं कांबळं खांद्यावर घेतलं आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

"आणलंय आत्ती. उतरा तुम्ही."

"व्हय? बसतीस?"

"बसते."

"डुकरं वढ्याकडनं येत्यात बघ. झोपू नको."

आणि नागेश, त्या जाऊन झोपल्या. कित्येक महिन्यांत दिवसा अशा झोपल्या नव्हत्या. तोंड उघडं, हात सैल. मी खांद्यावर कांबळं घेऊन पडवीत तशीच बसून राहिले आणि मला रडू आलं. त्यांच्यासाठी आलं असं म्हटलं तर खोटं होईल. माझ्यासाठी आलं.

मी दमलेय. लिहिताना सुद्धा लाज वाटते, पण दमलेय. आत्ती मला जड झाल्या असा अर्थ काढू नकोस, त्यांनी मला लेकीसारखं वागवलंय आणि मी त्यांना टाकणार नाही. पण रात्री त्या तीनदा उठतात, दार उघडून शेताकडे निघतात. मी दाराला आडवी झोपते. आंघोळ करताना दार उघडं ठेवते. दादा होता तेव्हा आम्ही दोघं होतो. तू म्हणालास, बाई बघू. एक बघितली, आत्तींनी तिला चोर समजून काठी उगारली, ती दुसऱ्या दिवशी रामनगरला परत गेली. घरचा माणूस लागतो त्यांना. तुझा आवाज ऐकला की अजून मान वळवतात. बाकी कुणाचा ऐकून वळवत नाहीत.

तुझ्यावर राग नाही माझा. असता तर दुरून डोंगर साजरे वगैरे लिहून मोकळी झाले असते. तू लहानपणापासून असाच. दादा राखणीला बसला की संध्याकाळी माळ्यावर यायचास, त्याच्या शेंगा संपवायचास, गरुडाची गोष्ट सांगायचास आणि अंधार पडायच्या आत घरी पळायचास. दादा वर बसून हसायचा. म्हणायचा, "कांबळ्याबिगर आलंया बेणं." तू यायचास तेच त्याला पुष्कळ होतं. मलाही इतकी वर्षं तेच पुष्कळ वाटलं. दर दिवाळीला येतोस, काजू-बदामाचा डबा आणतोस, आईच्या पायाशी बसून फोटो काढतोस. भाऊबीज झाली की परतीची गाडी पकडतोस.

या वेळी डबा नको.

रक्षिताच्या डॉक्टरांनी नोव्हेंबरचा दुसरा आठवडा सांगितलाय. दिवाळी झाली की मला बेळगावला निघायचंय. ती नको म्हणत असली तरी निघायचंय. मी माझ्या आईविना बाळंत झाले होते, ते काय असतं मला ठाऊक आहे. बाळाची अंघोळ-शेक होईपर्यंत, म्हणजे सव्वा महिना, मला तिथं राहायचंय. तेवढे दिवस इथं बसायला माणूस पाहिजे आणि तो तूच आहेस. रजा मिळते की नाही, रेंज नाही तर काम कसं होणार, हे सगळं मला माहीत आहे. रेश्माशी बोल. नाही जमलं तर तसं स्पष्ट कळव. मी लेकीला कळवीन की आई येत नाही. ते मला कळवायला लागू नये एवढंच मागते.

आत्तींच्या गोळ्या कुठल्या, त्या काय खातात, रात्री दाराशी कसं झोपायचं, हे तू आल्यावर सांगेन. अवघड काही नाही. फक्त जागं राहावं लागतं.

दादाचं कांबळं मी धुऊन, उन्हात घालून पेटीत ठेवलंय. पण ते मी तुला देणार नाही. तू तुझं आण. पुण्यात मिळत नसेल तर खानापूरला गाडी बदलताना घे. फाटक उघडशील तेव्हा मी पडवीतच असेन, आत्ती शेजारी असतील. दोघींपैकी कोणीतरी एक तुला तो प्रश्न विचारेल.

अजून माळ्यावरच असलेली,
तुझी वहिनी
देवकी