आधी टीकाकाराचं पुस्तक

सटाणा, ६ जुलै १९९८

प्रिय तृप्ती, आणि तिच्या शनिवारच्या वाचन मंडळातल्या कॉलेजच्या पोरापोरींनो,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम वि. वि.

चर्चच्या मंडळीत तुम्हाला सतरंज्या घालायला बोलावतात, नाताळची चांदणी टांगायला बोलावतात. बोलायला मात्र कोणी बोलावत नाही. तुमची तक्रार खरी आहे, पाळक असून मी ती मान्य करतो. पण उद्या खरंच माईक हातात आला, तर बोलाल काय?

तृप्ती लिहिते की कॉलेजच्या खानावळीत जेवताना देवळ्याच्या वेदिकाने विचारलं, तुम्ही लोक दुष्काळात धान्यासाठी बाटलात ना? आणि आमची भाची वाढलेलं ताट टाकून उठली. भाचीबाई, रागाला उत्तर म्हणत नाहीत! ज्याला उलटा प्रश्न ऐकवत नाही, त्याने पुढारी होऊ नये.

काय वाचावं, विचारता. आधी आपल्यावर टीका करणारं वाचा. धर्मांतरावर कडक लिहिलेलं एक जुनं पुस्तक माझ्या कपाटातून काढून पार्सलने पाठवतो आहे. मग आपल्या पहिल्या मंडळ्यांचा इतिहास. मग शास्त्र, म्हणजे आपलं बायबल, आणि तेही सवयीने नाही, भुकेने. क्रम बदलू नका.

मामीचे आशीर्वाद. लोभ आहेच, तो वादविवादातही टिकू द्या.

तुझा मामा,
सहादू

नाशिक, २० जुलै १९९८

ती. मामांस,
तृप्तीचा सा. सलाम वि. वि.

तुम्ही क्रम बदलू नका म्हणालात, म्हणून मी तुमची यादी आहे तशी सुवाच्य अक्षरात लिहून चर्चच्या फळ्यावर लावली, लग्नाच्या जाहीर सूचनांशेजारी. सगळ्यात वर ते टीकेचं पुस्तक. रविवारी हिरामणकाकांनी ते पाहिलं. काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने पंच, प्रेसमधून निवृत्त झालेले. भर आवारात त्यांनी विचारलं की हे प्रभूचं घर आहे का वादाचा आखाडा. आमच्या मंडळातला सुनील तोंडाळ, तो म्हणाला की आखाड्यात निदान तरुणांना आत तरी घेतात. झालं! आमचं मंडळ भरतं त्या चर्चच्या हॉलची किल्ली काकांनी काढून घेतली. पुस्तक परत जाईपर्यंत मंडळ बंद. चार घरांनी पोरींना येऊ नका म्हणून सांगितलं. पप्पा म्हणतात, मामा-भाचीची डोकी एकाच कुंभाराने घडवली आहेत.

मामा, मंडळ मोडलं तर पुन्हा उभं राहणार नाही. आणि मला अजून वेदिकाच्या नजरेला नजर देता येत नाही. पण तुम्ही एस.टी. पकडून येऊ नका. तुम्ही गर्जाल, काका गर्जतील, आणि आम्ही पुन्हा सतरंज्याच घालू. काय करू, तेवढं सांगा.

तुमची,
तृप्ती

सटाणा, २४ जुलै १९९८

चि. तृप्तीस,
सलाम आणि अनेक आशीर्वाद.

तुमच्याकडे निघायला पिशवी भरली होती. तुझ्या मामीने रिकामी केली. पंचांना चार पानी पत्र लिहिलं होतं, ते तिने वाचलं आणि म्हणाली, वाद जिंकाल आणि माणूस घालवाल. म्हातारपणी बायको खरी ठरते, हे तुझ्या पप्पांना सांगू नकोस.

ऐक. किल्ली मागू नका. पुस्तक घेऊन काकांच्या घरी जा. त्यातलं सगळ्यात कडू पान त्यांनाच वाचायला द्या. वाचून झाल्यावर गप्प बसा. हे शेवटचं मला आयुष्यात जमलेलं नाही, तुला जमतं का बघ. सुनीलला न्यायचं असेल तर तोंडात सुपारी देऊन ने.

मामा

नाशिक, १० ऑगस्ट १९९८

ती. मामांस,
सा. सलाम.

गेलो. काकूंनी चहा दिला, काकांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, मी पान पुढे केलं. संवत छप्पन्नच्या, म्हणजे इ. स. १९०० च्या सुमाराच्या दुष्काळात मिशनने धान्य दिलं आणि माणसं मिळवली, असं त्यात लिहिलेलं. काका वाचत राहिले. आम्ही गप्प. सुनीलसुद्धा!

मग चष्मा काढून ते म्हणाले की प्रेसमध्ये तीस वर्षं डबा उघडला की हेच ऐकलं आणि हसण्यावारी नेलं. त्यांच्या आजोबांनी धान्य घेतलं होतं, हे त्यांनी स्वतःच्या मुलांनाही कधी सांगितलं नाही. लाज वाटायची.

मी पुढचं पान दाखवलं. तोच लेखक लिहितो की पाऊसपाणी झालं आणि दोन वर्षांत धान्य बंद झालं. मी विचारलं, काका, धान्य बंद झाल्यावर आजोबा जुन्या धर्मात परत का नाही गेले? त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, गावाने विहिरीवर येऊ दिलं नाही, तरी गेले नाहीत. पोरी, हा प्रश्न मला कोणी विचारलाच नाही.

वेदिकाला मी ताटावर बसूनच सांगितलं: हो, भूक होती, धान्य घेतलं, पण भूक संपल्यावरही आम्ही राहिलो, ते का ते विचार. तिने पोळी मोडली आणि म्हणाली की तिचे पणजोबाही दुष्काळातच कुठून तरी देवळ्याला आले. पटलं की नाही, माहीत नाही. पण आता आम्ही रोज भांडत जेवतो.

शनिवारी हॉलचं दार काकांनीच उघडलं आणि मागच्या बाकावर बसले. इतिहासाच्या पुस्तकातले कठीण शब्द मला विचारतात आणि अर्थ सांगितला की चुकीचा आहे म्हणतात.

तुमची,
तृप्ती

सटाणा, १४ ऑगस्ट १९९८

प्रिय तृप्ती आणि पोरापोरींनो,
प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र मी मामीला मोठ्याने वाचून दाखवलं आणि मधेच कागद तिच्या हातात दिला. गावोगाव उपदेश करणाऱ्याने!

आपण समजत होतो की अडवणारे म्हातारे उत्तर विसरलेत. त्यांना प्रश्नच विचारायला कोणी गेलं नव्हतं. तुमच्या प्रत्येक घरात असा एक हिरामण आहे, जो कामावर, बाजारात, शेजारी काहीतरी ऐकून घेतो आणि घरी येऊन गप्प जेवतो. त्याला एकटं ठेवून तुम्ही कसले पुढारी होणार? मामी तुम्हा सगळ्यांना जवळ घेते आहे असं समजा. आणि आता एवढंच करा: येत्या शनिवारी प्रत्येकाने आपल्या घरातलं एक वडीलधारं माणूस हाताला धरून हॉलमध्ये आणा, आणि त्याच्याकडून एक पान मोठ्याने वाचून घ्या.

सहादू मामा