कुडातला पंजा

लाडके हेस्टर,

खोकला गेला, काळजी करू नकोस. आम्ही दुरुस्त करतोय त्या घराचा ओकच्या लाकडाचा सांगाडा साडेतीनशे वर्षांनीही खणखणीत आहे.

काल खांबांमधला मातीचा कूड पाडताना आतल्या थरावर एका लहान मुलाचा पंजा उमटलेला दिसला.

मुकादम म्हणाला, "मातीच आहे, फोड!"

मी म्हटलं, "एवढा नाही फोडणार. हवं तर मला घरी पाठवा."

त्यावर तो स्वतःच चुना कालवून घेऊन आला. पंजा तसाच ठेवून आम्ही वरून गिलावा केला.

तेव्हापासून त्या खोलीत पाठीमागे कुणीतरी उभं आहेसं वाटतं. मी वळून बघत नाही.

आपली लेक टिली गेल्यापासून तू स्वयंपाकघराचं दार रंगवायचं म्हणतेस. तिच्या जॅमने माखलेल्या बोटांचे डाग आहेत ना अजून त्यावर? मी येईपर्यंत रंगवू नकोस.

तुझाच,
ॲम्ब्रोज