दोन्ही हात मांडीवर

३ मार्च
पोचले एकदाची! खोली ऐसपैस, खिडकी उत्तरेला, टेबल लांबलचक. जुने कागद दुरुस्त करणारीला आणखी काय हवं? घरमालकीण ताई एकट्याच राहतात, पण बोलायला लागल्या की घर भरतं. त्यांचे बाबा चित्रकार. त्यांनी शेवटच्या महिन्यात स्वतःचं चित्र काढलं, ते मी आठवड्याभरात साफ करून द्यायचं. करड्या कागदावर कोळसा आणि उजेडापुरता पांढरा खडू. जरा फुंकर लागली तरी उडेल. ताईंनी बजावलंय, शिंक आली तर बाहेर पळ, बाबांचं नाक जायला नको!

५ मार्च
बुरशी निघतेय. म्हातारबुवा अगदी जिवंत उतरलेत. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्यांचे दोन्ही हात मांडीवर आहेत, बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली. मग कोळसा कुणाच्या हातात होता? ताईंना विचारलं. म्हणाल्या, मलाही कोडंच आहे. चित्र सुरू झालं आणि बाबांची वाचा गेली, मग हातपाय. डॉक्टर नुसतेच माना हलवायचे.

६ मार्च
कागद उलटा केला. मागे एका बाईचं डोकं, अर्धवट. डावा कान मात्र पुरा, त्यात माझं कानातलं. आल्या दिवशी ही बाजू कोरी होती, मी तशी नोंद केली आहे. ताई हसल्या. त्यांना वाटलं, मीच चेष्टा केली.
सकाळपासून मला डाव्या कानानं ऐकू येत नाही.

७ मार्च
आज ओठ. खालच्या ओठावर खडूचा ठिपका, आत्ताच टेकवल्यासारखा. ताईंना हाक मारायला गेले — आवाजच फुटेना.

८ मार्च
चित्र कंबरेपर्यंत आलंय. डावा हातही. खुर्चीतून उठवत नाही. उजवा हात आणि डोळे अजून काढलेले नाहीत, म्हणून लिहितेय. सगळं कागदावर लिहून ताईंना दिलं. वाचून रडल्या. म्हणाल्या, बाबांच्या वेळी मी नुसती बघत राहिले, आता नाही राहणार.

दुपार
ताई खोडरबर घेऊन आल्यात. म्हणाल्या, घाबरू नकोस गं, पुसूनच टाकते. कानापासून सुरुवात —
हात लावून पाहिला. कान नाही. नुसती कातडी, गुळगुळीत —
वही उचलून दाखवतेय. त्या मान वर करत नाहीत. स्वतःचे डोळे पुसताहेत, रबर घासताहेत. आता ओठांकडे —
ताई थांबा ते चित्र नाही ती मी