ठकीचं झाड

खोताची वाडी, गिरगाव
१४ फेब्रुवारी १९६०

ती. रघुवीरदादास सुभद्रेचा शि. सा. न. वि. वि.

आईला तुझ्याकडून इथे येऊन महिना झाला. तुझं नाव काढत नाही, तू आणलेल्या काठीचं मात्र रोज काढते. म्हणते, मोर्चात गुडघा गेला तेव्हासुद्धा घोषणा देत घरी आले आणि पोटच्या पोराने हातात काठी द्यावी? परवा मोरीशी तोल जाऊन पडली. ठकी मांजर पायात आली म्हणाली. ठकी तेव्हा माझ्या मांडीवर होती.

आता कामाचं. खालच्या बिऱ्हाडात मोठा कुत्रा आलाय, म्हणून ठकीला घरातच ठेवावं लागतं आणि ती पडद्यांवर चढते. ह्यांनी चोरबाजारातून कोट अडकवायचा खांब आणला. ठकीने उडी मारली आणि खांब, कोट, मांजर सगळंच आडवं. बांबूचा घ्यावा तर बोट लावलं तरी डुलतो. तू गिरणीतला सुतार. ठकीला चढायला एक भक्कम झाड करून दे. बुंधा मुठीत मावेल असा, पहिली फळी माझ्या कमरेच्या जरा वर. कोणी जोर देऊन उठलं तरी हलता कामा नये. मांजर फार जड झालंय.

वहिनीस नमस्कार. माझ्यावर तरी रागावू नकोस.

तुझी सुभद्रा


लालबाग
१७ फेब्रुवारी १९६०

चि. सौ. सुभद्रा हिस अ. आ.

चार शेरांच्या मांजराला सव्वा मणाचा भार पेलणारं झाड कशाला, हे पत्र दुसऱ्यांदा वाचताना कळलं. लबाड आहेस.

बांबू नको. खुंट्याही नकोत, डोळ्यात जातील. सागवानी खांब करतो. खाली रुंद जाड फळी, वर तुळईला जखडलेला. कडा घासून गोल करीन, खिळ्याचं टोक कुठे वर येऊ देणार नाही. वरून काथ्याची दोरी घट्ट गुंडाळीन, म्हणजे नखं रुतायला बरी आणि हातही निसटायचा नाही. खिडकीला टेकून नको, मांजर बाहेर झेप घेईल. खाटेच्या उशाशी बसवू.

बसवायला मलाच यावं लागेल. मुलगा आला म्हणू नकोस, सुतार आला म्हण. आईशिवाय घर खायला उठतं, हे तिला सांगितलंस तर मी सांगितलं नाही म्हणेन.

माधवरावांस नमस्कार. त्यांच्या कोटाची काळजी घे.

रघुवीर


खोताची वाडी
११ एप्रिल १९६०

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तू खांब बसवत होतास तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून बसली होती, पण तुझा हातोडा थांबला की तिची मान वळायची.

ठकीने झाड हुंगलं आणि पाठ फिरवली. तू काथ्या आणलास त्या खोक्यात ती झोपते. आई मात्र दिवसातून दहा वेळा खांबाला धरून उठते. विचारलं तर म्हणते, मांजराला चढायचं कसं ते दाखवतेय. महिनाभरात एकदाही पडली नाही. तिला कशाचाही पत्ता नाही. आपण दोघं फारच हुशार निघालो.

येत नाहीस ते नाहीस, दोन ओळी तरी लिहीत जा.

सुभद्रा


खोताची वाडी
३ मे १९६०

चि. रघुवीर यास जाईबाईचे अनेक आशीर्वाद.

अक्षर साक्षरतेच्या वर्गातलं आहे, हसू नकोस. सुभद्रा भाजीला गेली आहे तोवर लिहिते. तिला वाटतं, मला काही कळलेलं नाही. तसंच वाटू दे, वाईट वाटेल पोरीला.

मांजराच्या झाडाला माझ्या कोपराशी फळी कोण करतं? आणि काथ्याच्या खाली तू लुगड्याची घडी गुंडाळलीस, हाताला रुतू नये म्हणून. मांजराच्या नखांना काथ्या टोचत नाही. लुगडं माझंच आहे, काथ्यातून डोकावणाऱ्या काठावरून ओळखलं.

परवा आपला महाराष्ट्र झाला. रस्ताभर रोषणाई होती. माधवराव म्हणाले, खांदा धरा, खाली नेतो. मी हट्टाने नाही म्हटलं आणि एवढी चार वर्षं ज्याच्यासाठी घसा फोडला ते दारात उभी राहून पाहिलं. मग रडले. गुडघ्यामुळे नाही, स्वतःच्या हट्टामुळे.

ठकीला आता लालबागला परत यायचंय. तिच्यासाठी तिथे खाटेशी एक आणि मोरीशी एक झाड कर. जिन्यात झाड बसायचं नाही, तेव्हा रविवारी येताना ती काठी घेऊन ये. ठकी काही बोलणार नाही.

माया होती तेवढीच आहे.

तुझी आई