वैदेहीचा प्रबंध आणि माझं कंपाइल

११ मे, सोमवार. सकाळी ८.
माझ्या बायकोचा, वैदेहीचा, हिमरू कापडाच्या विणकरांवरचा प्रबंध शुक्रवारी पाचच्या आत विद्यापीठात द्यायचा आहे. सहा वर्षांचं काम. मुदत दोनदा वाढवून झाली, आता वाढत नाही. आमच्या कॉम्प्युटरवरचा लिखाणाचा प्रोग्राम मात्र अधूनमधून बंद पडतो. वैदेही म्हणाली की कुणाकडून तरी दुसरा टाकून घ्या. मी ठरवलं, सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचं मूळ लिखाण, आणून घरीच कंपाइल करायचा, म्हणजे त्यातून चालता प्रोग्राम बनवायचा. विकतच्या पिठापेक्षा घरचं दळण कधीही चांगलं. दोन तासांचं काम. तरी आठवडाभर रजा टाकली.

दुपारी १२.
जुना प्रोग्राम काढून टाकला. नवा होईपर्यंत राहू द्यायला हवा होता, असं वैदेहीचं मत. दोन्ही राहिले की भांडतात, असं मी सांगितलं. कुठं वाचलं ते आठवत नाही.

दुपारी ४.
एक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला लागणारा तयार सुटा भाग, कमी पडली. आणली. तिला आणखी तीन लागतात.

१२ मे, मंगळवार. सकाळी ९.
एकूण एकतीस लायब्रऱ्या. सगळ्या मिळाल्या. कंपाइल सुरू. वेळ वाचावा म्हणून फालतू सोयी बंद केल्या: जुने प्रिंटर, 'इतर लिपी' वगैरे. इथं चिनी, जपानी कुणाला वाचायची आहे? अशा ठिकाणी अनुभव कामी येतो. वैदेहीला संदर्भसूची तपासायची आहे. संध्याकाळी सहाला कॉम्प्युटरवर बसायला सांगितलं.

संध्याकाळी ६.
३० टक्के. कॉम्प्युटर तापतोय, म्हणून कूलर त्याच्याकडे वळवला. आई उठून गॅलरीत जाऊन बसली. वैदेहीनं संदर्भसूचीचे कागद पिशवीत भरले. 

१३ मे, बुधवार. दुपारी १.
९१ टक्के. आणि नळाला पाणी आलं, आठ दिवसांनी. मोटार लावली की व्होल्टेज पडतं, थोडं थांब, असं मी विनवलं. वैदेही म्हणाली की पाणी थांबत नसतं. मोटार लागली. कॉम्प्युटर बंद.

दुपारी ३.
जिथं थांबलं तिथून पुढं नेता येतं म्हणे. मला अर्धवट कामावर काम चढवणं पसंत नाही. सगळं पुसून पहिल्यापासून सुरू केलं.

१४ मे, गुरुवार. संध्याकाळी ६.
८४ टक्के. वैदेही सकाळी पिशवी घेऊन गुलमंडीच्या बाजारात गेली ती तीनला आली. कापड बघायला गेली असेल. येताना आईला टेबल फॅन घेऊन आली. मला चहा देताना चक्क हसली. माझ्यावर विश्वास आहे, दुसरं काय.

१५ मे, शुक्रवार. सकाळी ११.२०.
झालं. प्रबंध उघडला. चारशे बारा पानं, नुसते चौकोन. एकही अक्षर नाही. मराठीसुद्धा 'इतर लिपी'त मोडते, हे कंपाइल करणाऱ्याला कुणीतरी सांगायला नको? वैदेही घरात नाही. कुठं गेली ते आई सांगेना.

दुपारी १.
पेन ड्राइव्ह घेऊन गुलमंडीत टायपिंगवाल्या अजिनाथकडे पळालो. हात जोडले, पाचच्या आत वाचव म्हटलं. तो म्हणाला की सर, बसा आधी, पाणी प्या. मॅडम काल चार-पाच तास इथंच व्हत्या. सूचीबिची सगळी झाली, बाइंडिंग बी झालं, आज सकाळी प्रती घेऊन गेल्या. लई घाई व्हती त्यांना. तुम्हाला बोलल्या नाय का?

संध्याकाळी ६.
प्रबंध वेळेत पोचला. वैदेहीनं पेढे आणले. मला खरंच आनंद झाला, आणि लाजही वाटली. घरच्या प्रतीत आभाराचं पान पाहिलं. मार्गदर्शक आहेत, विणकर आहेत, आई आहे, अजिनाथसुद्धा आहे. माझं नाव दोनदा शोधलं. अजिनाथकडून टाइप करताना राहून गेलं असावं.