अप्पांच्या बंदुकीची किल्ली

बनशंकरी, बेंगळुरू
१४ ऑक्टोबर २०२५

चि. देवव्रत यास,

आशीर्वाद. रूपश्रीला आणि स्मृतीलाही. इथे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं काय ते पुढे कळेलच.

एकाच शहरात राहून अक्का पत्र का पाठवते, असं तू रूपश्रीला विचारशील. महादेवपुऱ्याला तुझ्याकडे यायला मला दोन तास लागतात, आणि फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. नसलास तर अर्धं ऐकून म्हणतोस, "सरी अक्का, नोडोण." बघू या, बघू या करत सव्वा वर्ष गेलं. शिवाय फोनवर बोललेलं अप्पांना ऐकू जातं. एरवी टीव्हीचा आवाज गल्लीभर जाईल इतका ठेवतात, पण मी 'बंदूक' म्हटलं की बरोबर कान टवकारतात.

तर विषय तोच. ती दुनळी आता घरात नको.

हसू नकोस. अप्पा चिकमगळूरला कॉफीच्या मळ्यावर मॅनेजर होते, तेव्हा रानडुकरं यायची म्हणून ती घेतली. बनशंकरीत रानडुकरं कुठली? फार तर समोरच्यांचा कुत्रा येऊन जास्वंदीचं आळं उकरतो. पण लायसन्स नेमाने रिन्यू होतं, आणि त्यासाठी त्यांना गाडीतून नेतोस तू. घरी ती सांभाळायची कोणी, तर या वसुमतीने. उंटावरून शेळ्या हाकणं तुझ्याकडून शिकावं.

गेल्या वर्षी लोकसभेच्या निवडणुकीला सगळ्यांसारखी आपलीही बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. आचारसंहिता होती तेवढे दिवस मी निवांत होते. निवडणूक कधी संपूच नये असं वाटणारी या शहरात मी एकटीच असेन. मग निकाल लागले आणि तुम्ही बापलेक ती परत आणायला गेलात. आणलीत कशी? चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर, शेजारी काडतुसांची पेटी. वाटेत डोसा खायला थांबलात, आणि गाडीची किल्ली दिलीत हॉटेलच्या पार्किंगवाल्याला! मी ओरडले तर म्हणालास, "अक्का, काच बंद होती की." काच म्हणजे काय तिजोरी आहे? आई त्या दिवशी तुमच्याशी एक अक्षर बोलली नाही. तिच्या न बोलण्याचाही तुझ्यावर परिणाम झाला नाही, तर माझ्या बोलण्याचा काय होणार!

लायसन्स अप्पांचं असलं तरी राज्य आईचं होतं. बंदूक लोखंडी कपाटात, काडतुसं वेगळ्या डब्यात वेगळ्या खोलीत, आणि दोन्ही किल्ल्या तिच्या कमरेला. कपाटात ठेवण्याआधी दर वेळी ती बंदूक मधून उघडायची आणि दोन्ही नळ्यांतून खिडकीकडे बघायची. आरपार उजेड दिसला की मगच कुलूप. आपण तिची चेष्टा करायचो, "आई, आत उंदीर गेलाय का?"

आता दसऱ्याचं. तुम्ही निघालात तेव्हा मी दारापर्यंतही आले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. रूपश्रीला राग आला असेल. तिला सांग, डोकं दुखत नव्हतं.

आईचं वर्षश्राद्ध झाल्यानंतरचा हा पहिला दसरा, म्हणून अप्पांनी खंडेनवमीला सगळं साग्रसंगीत करायचं ठरवलं होतं. तुझी गाडी धुतली, तिला झेंडूचे हार घातले, चाकांखाली लिंबं ठेवली. आणि देवघरात पाटावर बंदूक मांडली. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे, पूजेला मांडलेलं शस्त्र दसऱ्याच्या सकाळची आरती होईपर्यंत हलवायचं नाही. आई असताना ती स्वतः त्या दाराला कडी लावून बाहेर चटई टाकायची. या वेळी मी म्हटलं, पूजा झाली, आता कपाटात ठेवू. अप्पा म्हणाले, "सुम्ने इरु वसू, देवाचं आहे ते." तूही म्हणालास, "गप बस गं अक्का, एक दिवसाचा प्रश्न आहे." मी गप्प बसले. देवाचं म्हटलं की आपल्या घरात अक्कल बाजूला ठेवायची असते. स्मृती दिवसभर त्या खोलीत फुलांच्या पाकळ्या वेचत होती. बंदुकीला वेगवेगळी फुलं लावून बघत होती. तिने मला हाक मारून दाखवलंसुद्धा, "आत्या, आता छान दिसते ना?" आणि मी छान म्हटलं.

दसऱ्याला सकाळी आरती झाल्यावर मी हळदकुंकू पुसायला बंदूक उचलली. आईची सवय हातात उतरली असेल, मी ती उघडून खिडकीकडे धरली.

उजेड दिसला नाही. दोन्ही नळ्यांत काडतुसं होती.

तू तेव्हा बाहेर गाडीपाशी फोटो काढत होतास. स्मृती माझ्या साडीला धरून उभी होती. मी काडतुसं पदरात घेतली, बंदूक कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि न्हाणीघरात जाऊन बसले. तुम्ही निघेपर्यंत तिथेच होते.

तुम्ही गेल्यावर मी अप्पांना विचारलं. म्हणाले, डुकरं येतात. मी म्हटलं, अप्पा, मी लहान आहे का? तर उठून आत गेले.

देवू, हे लिहायला मला तेरा दिवस लागले. ती काडतुसं पूजेसाठी नव्हती आणि डुकरांसाठीही नव्हती. अप्पांनी ती नवमीच्या आधीच कधीतरी भरली होती. केव्हा ते सांगत नाहीत. मी दुपारी भजनाला जाते तेव्हा हल्ली विचारायचे, "किती वाजेपर्यंत येशील?" मला वाटायचं चहाची वेळ चुकते म्हणून विचारतात. श्रावणात आईच्या साड्या कोणाला काय द्यायच्या, घराचे कागद कुठे आहेत, असं सगळं मला समजावलं होतं. मला वाटलं, म्हातारपणी सुचलेला नीटनेटकेपणा.

आणि आई गेल्यावर तिच्या दोन्ही किल्ल्या त्यांना कोणी दिल्या? मी. रोज मागायचे, रोज वाद व्हायचा. मला कंटाळा आला. "घ्या बाबा तुमच्या किल्ल्या" म्हणून त्यांच्यापुढे टाकल्या. तुला सव्वा वर्ष दोष देते आहे, पण हे तुला सांगितलं नव्हतं.

दसऱ्याला देवघरात ठेवलेल्या त्या दोन्ही किल्ल्या मी उचलल्या, आता माझ्या गळ्यात आहेत. अप्पांना मी डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब दाखवायचा म्हणून नेलं आणि त्यांना बाहेर बसवून आधी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दर आठवड्याला यायला सांगितलं आणि म्हणाले, पहिलं काम म्हणजे ती बंदूक घराबाहेर. शिवाजीनगरच्या बंदुकीच्या दुकानात मी विचारून आले. त्यांच्याकडे रीतसर नोंद करून ठेवून घेतात. पण लायसन्स अप्पांचं, त्यांनीच यायला हवं. मी एकटीने ती रस्त्यावर नेली तर गुन्हा माझ्यावर.

दसऱ्यापासून अप्पा रोज सकाळी हात पुढे करायचे, "किल्ली." मी नाही म्हणायचे. मग दिवसभर अबोला. रविवारी त्यांनी मागितली नाही. देवा शप्पथ, मी दिवसभर त्यांच्या मागे मागे फिरले. संडासाच्या दाराबाहेरसुद्धा उभी राहिले. शेवटी चिडले, "पोलीस आहेस का गं तू?" मी म्हटलं, हो.

काल दुपारी मी भाजी निवडत होते. समोर येऊन बसले आणि ताटात, मेथीच्या जुडीवर, एक किल्ली ठेवली. कपाटाची डुप्लिकेट किल्ली. ती आहे हेच मला माहीत नव्हतं. इतके दिवस त्यांच्यापाशी होती. माझ्या गळ्यातल्या किल्ल्या ते रोज मागत होते, आणि खिशात ही होती. म्हणाले, "ही पण ठेव. मला माझा भरवसा वाटत नाही, वसू." मग माझ्यासोबत मेथी निवडायला लागले. मुळंच भांड्यात टाकत होते. मी ती एकेक उचलून बाजूला ठेवली.

थोड्या वेळाने विचारलं, "देवव्रत येतो का गं हल्ली?" समोर मी नाही, आई बसली आहे असं त्यांना वाटलं की काय, कोण जाणे.

शनिवारी ये. सुट्टी असो, नसो. बंदुकीला कुलपाची पेटी मी आणून ठेवली आहे. बंदूक रिकामी आहे हे तू स्वतः बघशील, पेटी डिकीत जाईल, काडतुसं वेगळी, आणि तिघं सरळ शिवाजीनगरला जाऊ. वाटेत कुठेही थांबायचं नाही. पण हे काम तासाभराचं आहे. त्यानंतर लगेच लॅपटॉप उघडायला परत पळू नकोस. अप्पांपाशी बस. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी बस. मला एकटीला आता जमत नाही रे.

पत्राच्या शेवटी आशीर्वाद लिहितात. ते मी राखून ठेवले आहेत, दारात आलास की देईन.

अक्का